उभं केल्याचं उट्टं

माझा मावसभाऊ साहेबाच्या बँडात ट्रंपेट वाजवायचा, म्हणून गल्लीने त्याचं नाव फुंक्या ठेवलं होतं. हे नाव पाठीमागेच चालायचं. तोंडावर त्याच्याशी कोणी बोलतच नव्हतं, मग तोंडावर म्हणणार कुठून? मी त्याला दादा म्हणायचो. त्याच्या मागोमाग मीही त्याच बँडात शिरलो आणि मोठा ढोल गळ्यात घेतला. मला वेगळं नाव ठेवण्याची तसदी गल्लीने घेतली नाही. मी नुसता 'तो दुसरा' होतो.

हल्लीची पोरं मला विचारतात, "काय हो, इंग्रजांच्या वेळी शिस्त होती म्हणे?" होती ना. शिस्त कशी होती ते माझ्या काकाला विचारायला हवं होतं, पण काका त्याच शिस्तीने गेला. त्याचीच गोष्ट आधी सांगतो, नाहीतर दादाने पुढे जे केलं ते तुम्हाला नुसता चक्रमपणा वाटेल.

काका म्हणजे माझ्या मावशीचा नवरा, दादाचा बाप. माझी आई लवकर गेली, त्यामुळे मी त्यांच्याच घरी वाढलो. काका वेताच्या खुर्च्या विणायचा. साहेबलोकांच्या क्लबात जितक्या खुर्च्या होत्या, तितक्यांच्या बैठका त्याच्या हातच्या. साहेब बसले की बैठक खचायची आणि काकाला बोलावणं यायचं. तो म्हणायचा, "राज्य त्यांचं असेल, पण त्यांचं बूड माझ्या भरवशावर आहे." आम्ही हसायचो. मावशी म्हणायची, "हळू बोला, भिंतींना कान असतात."

एकदा क्लबात साहेबलोकांनी नाटक बसवलं होतं. मध्यंतरात एक खुर्ची फाटली आणि काकाला मागच्या कोपऱ्यात जमिनीवर बसवून ती दुरुस्त करायला लावली. नाटक संपलं. संपल्यावर त्यांच्या राजाचं गाणं वाजायचं आणि सगळ्यांनी उठून ताठ उभं राहायचं, हा नियम. काकाला नियम ठाऊक होता. पण ओला वेत त्याने नुकता ओवला होता, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं होतं आणि दुसरं दोन्ही हातांनी ओढत होता. वेत ओला असतानाच ओढावा लागतो. सोडला की अख्खी ओळ ढिली पडते आणि सगळं उसवून पुन्हा विणावं लागतं. काकाने विचार केला, एवढी ओळ आवळतो, गाठ मारतो आणि उठतो. वेत विणणाऱ्या कोणीही हेच केलं असतं. गाठ मारून होईपर्यंत गाणं संपलं.

ते एका कोवळ्या साहेबाने पाहिलं. नुकताच आलेला, मिसरूड फुटलेला, मान अशी ताठ की झोपताना उशी कुठे ठेवत असेल देव जाणे. आम्ही लोक त्याला ताठ्या म्हणायचो. ताठ्याने दुसऱ्या दिवशी सकाळी काकाला परेडच्या मैदानात झेंड्याच्या काठीजवळ उभं केलं. बँड बोलावला आणि हुकूम सोडला की राजाचं गाणं वाजवत राहा, या माणसाला उभं राहायला शिकवायचं आहे.

मावशी, दादा आणि मी कुंपणाबाहेर होतो. ऊन चढलं. गाणं संपायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. काका आधी ताठ होता, मग वाकला, मग त्याचे पाय थरथरायला लागले. दुपारी तो कोसळला. मावशी कुंपणावरून आत उडी टाकायला निघाली, तर शिपायाने तिला धरलं. गाणं चालू होतं ना! गाणं चालू असताना कोणी हलायचं नाही. बँडवाले आपलेच होते, शिपाई आपलेच होते, आणि काका त्यांच्या पायाशी धुळीत तोंड घालून पडला होता. गाणं संपेपर्यंत एकही हात खाली वाकला नाही.

काका घरी आला, पण काका म्हणून आला नाही. त्याच्या हातून पुन्हा एकही ओळ विणून झाली नाही. नुसता बसून असायचा आणि कुठूनही वाजल्याचा आवाज आला की धडपडत उठून उभा राहायचा. लग्नाची वरात जाऊ दे, सायकलची घंटी वाजू दे, की शेजारणीच्या हातून थाळी पडू दे. उभा राहून घामाने निथळायचा. मावशी त्याचे खांदे दाबून म्हणायची, "बसा हो, काही नाही, बसा." तो बसायचा नाही. असाच एकदा उठायला गेला आणि भिंतीला धरून खाली आला तो कायमचा.

काकाला पोचवून आलो त्या संध्याकाळी दादा मला मैदानाच्या कुंपणापाशी घेऊन गेला. तेव्हा त्याला धड मिशाही नव्हत्या.

"मी त्या बँडात जाणार," तो म्हणाला.

मला वाटलं, याचं डोकं फिरलं. "कोणत्या तोंडाने?"

"फुंकायच्या तोंडाने. तो ताठ्या इथंच पडला पाहिजे. याच जागी, याच गाण्यावर. आणि गाणं मी वाजवत असलो पाहिजे."

"चाकू मार ना मग, लवकर होईल."

"चाकूने मरेल. मला तो मरायला नको, पडायला हवाय. सगळ्यांच्या देखत." मग माझा दंड धरून म्हणाला, "आईला सांगायचं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही."

खरंच राहत नव्हतं. मावशीला कळतं तर संध्याकाळपर्यंत नळावर कळलं असतं आणि सकाळपर्यंत पोलीस चौकीत. म्हणून आम्ही दोघांनी तोंडाला कुलूप लावलं आणि त्याची किंमत दादाने भरली.

तो बँडात गेला त्या दिवशी मावशीने त्याच्याशी बोलणं टाकलं. घराबाहेर काढलं नाही. जेवायला घालायची, कपडे धुवायची, ताप आला तर कपाळावर पट्ट्या ठेवायची, पण शब्द नाही. मी पुढे बँडात शिरलो तो त्याच्याच नादाने, असं धरून माझ्याशी मात्र बोलत राहिली. दादा समोर बसलेला असला तरी मला म्हणायची, "त्याला सांग, ताट वाढलंय." मी दादाला सांगायचो, "दादा, ताट वाढलंय." दादा म्हणायचा, "आईला सांग, आलो." आमच्या घरात माणसं तीन आणि त्यांतला मी नुसता टपालवाला. सुरुवातीला हसू यायचं, नंतर यायचं बंद झालं.

बाहेर देश पेटत चालला होता. लोक मोर्चे काढत होते, परदेशी कापडं जाळत होते, तुरुंगात जात होते. आणि आम्ही लाल कोट घालून, पितळी बटणं चमकवून साहेबाच्या बागेत चहाच्या वेळी वाजवत होतो. एकदा गल्लीच्या तोंडाशी आमच्या अंगावर शेणाचा गोळा आला. दादाने कोट काढला, झटकला आणि पुन्हा घातला. मी चिडून म्हणालो, "सांगून टाक ना एकदा!" तो म्हणाला, "फेकू दे. त्यांचं बरोबर आहे." लग्नासाठी मुली बघितल्या, पण बापाच्या मारेकऱ्यापुढे पिपाणी वाजवणाऱ्याला मुलगी कोण देणार? एका मुलीच्या बापाने तर पाण्याचा पेला पुढे केला तोही मागे घेतला.

ताठ्या मात्र चढत गेला. मध्ये काही वर्षं त्याची बदली झाली, तेव्हा दादाचं अन्न तुटलं. तो परत आला तो मोठा साहेब होऊन, आणि दादाच्या तोंडावर पुन्हा रंग आला. मग सुरू झाली एक गंमत. दादा रोज साहेबाच्या खानसाम्याला गाठायचा. साहेबांची तब्येत कशी आहे? झोप लागली का? साहेबाला साधी शिंक आली तरी दादाचा जीव खालीवर व्हायचा. एकदा साहेबाचा गुडघा धरला, तर यानं कुठल्या तरी वैद्याकडून तेल आणून दिलं. सारं गाव थुंकलं, म्हणालं, काय हा लाळघोटेपणा! मी एकटाच जाणून होतो की साहेब बिछान्यात सुखाने मेला असता, तर दादाने डोकं फोडून घेतलं असतं. त्या माणसाच्या आयुष्यासाठी त्याच्या बायकोने केली नसेल इतकी प्रार्थना दादाने केली.

गोरा बँडमास्तर निवृत्त झाला तेव्हा छडी दादाच्या हातात आली. मी म्हटलं, "आता?" तो म्हणाला, "आता नाही. आता केलं तर उद्या आपल्याला उन्हात उभं करायला तो इथंच आहे. तो जायच्या दिवशी." साहेबलोक जातील असं तेव्हा कुणालाही वाटत नव्हतं. दादाला वाटत होतं.

आणि तो दिवस आला. ठरलं की मैदानात भरदिवसा समारंभ होईल. त्यांचा झेंडा उतरेल, मग आपला चढेल. झेंडा उतरवण्याची त्यांची एक रीत होती. राजाचं गाणं सुरू झालं की दोरीवाला शिपाई झेंडा हळूहळू सोडायचा, आणि गाण्याचा शेवटचा सूर आणि झेंड्याचं काठीच्या पायथ्याशी येणं एकाच क्षणी व्हायला हवं. त्यामुळे दोरीवाल्याची नजर सदा बँडमास्तरच्या छडीवर. छडीने सांगितलं तितकाच झेंडा खाली.

दादा कोट घालून ताठ्याकडे गेला. मी बाहेर व्हरांड्यात उभा होतो, सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, राजाच्या गाण्याला बरीच कडवी आहेत. आपण नेहमी एकच वाजवतो. हा शेवटचा दिवस. परवानगी असेल तर पूर्ण मानाने वाजवतो. सगळी कडवी, संथ लयीत, आणि झेंडा जमिनीला लागेपर्यंत थांबणार नाही."

ताठ्या गहिवरला हो! उठून त्याने दादाशी हात मिळवला. म्हणाला, "तुझ्यासारखी माणसं असती, तर आम्हाला जावं लागलं नसतं." दादा बाहेर आला आणि त्याने तो हात कोटाला पुसला.

मग आम्ही तालीम केली. ट्रंपेट फार वेळ फुंकलं की ओठ मरतात, सूर निघत नाही. म्हणून दादाने बँडाचे दोन भाग केले. अर्धे वाजवतील, अर्धे दम घेतील, आणि ऐकणाऱ्याला सांधा कळणार नाही. बँडातल्या पोरांना त्याने त्या दिवशी पहिल्यांदा सगळं सांगितलं. म्हातारा क्लॅरिनेटवाला खाली बघत राहिला. काका पडला त्या दिवशी तो त्या बँडात होता. तो इतकंच म्हणाला, "मी दम घेणार नाही. मी दोन्ही भागांत वाजवीन."

समारंभाच्या सकाळी मैदानात क्लबातल्या वेताच्या खुर्च्या आणून मांडल्या होत्या. बँडमास्तरच्या घरच्यांसाठी पुढच्या ओळीत एक खुर्ची. दादा खुर्च्या एकेक उलटी करून बघत होता. काका बैठकीच्या खाली शेवटची गाठ स्वतःच्या पद्धतीने मारायचा, दुहेरी आणि आत वळवलेली. तशी गाठ असलेली एक जुनी खुर्ची सापडली. ती त्याने पुढे ओढून ठेवली.

मावशी यायला तयार नव्हती. मी म्हटलं, "त्याच्यासाठी नको, झेंडा खाली येताना बघायला तरी चल." त्यावर ती उठली. "त्याला सांग, मी त्याच्याकडे बघणार नाही," म्हणाली. मी सांगितलं.

ताठ्या काठीपाशी आला. त्याच्या मागे त्याचे गोरे अधिकारी, एका बाजूला त्यांच्या बायका. सावली कुठेच नाही, कारण झेंड्यापुढे छत्रीखाली उभं राहायचं नाही, हा त्यांचाच नियम. काका उभा होता नेमक्या त्याच जागी ताठ्या उभा राहिला, कपाळाला हात लावून. दादाने छडी उचलली आणि सगळं मैदान उठून उभं राहिलं.

पहिलं कडवं संपलं. झेंडा वीतभर खाली आला. दुसरं. मी ढोलावर ठोके टाकत होतो आणि ताठ्याच्या मानेकडे बघत होतो. कॉलर भिजली होती. तिसऱ्याला त्याचा कोपर हलायला लागला. सगळी कडवी संपली आणि दादाने पुन्हा पहिल्यापासून धरलं. ताठ्याचे डोळे वळले, दादाला भिडले. त्याला कळलं. मी शपथेवर सांगतो, त्याला त्या क्षणी सगळं कळलं. पण करणार काय? हात खाली घेतला तर स्वतःच्या राजाचा अपमान, तोही त्याच्या बायकोच्या आणि वर्तमानपत्रवाल्यांच्या देखत. ज्या नियमाने त्याने माझ्या काकाला खाल्लं, त्याच नियमाने आता त्याची मानगूट धरली होती. मला इतका आनंद झाला की ठोका चुकता चुकता राहिला.

पण आपली माणसंही उभी होती. म्हाताऱ्या होत्या, कडेवर मुलं घेतलेल्या बाया होत्या. त्या उन्हाने होरपळत होत्या. दादाला ते दिसत होतं. एका फेरीच्या शेवटी त्याची छडी हळू झाली. ताठ्या झुलत होता, पण पडला नव्हता. झेंडा माणसाच्या उंचीवर होता. दादा थांबणार, हे मला त्याच्या खांद्यांवरून कळलं. इतकी वर्षं मातीत जाणार होती.

तेवढ्यात मावशी बसली.

आधार म्हणून तिने खुर्चीची कड धरली होती. बोटं बैठकीच्या खाली गेली आणि गाठीला लागली. ती गाठ तिने चाचपली, पुन्हा चाचपली. मग मैदानाकडे पाहिलं, काठीजवळच्या त्या जागेकडे, तिथे झुलणाऱ्या माणसाकडे आणि छडी घेतलेल्या आपल्या मुलाकडे. आणि राजाचं गाणं चालू असताना माझी मावशी त्या खुर्चीत आरामात, मांडी घालून बसली. शिपायाने नुसते डोळे वटारले, गाणं चालू असताना त्यालाही हलायची सोय नव्हती. तिच्या मागची बाई बसली. मग तिच्या शेजारची. बसत बसत सगळं मैदान खाली बसलं. उभे राहिले ते फक्त साहेब, शिपाई आणि बँड.

सूर संपला. छडी हवेत होती. त्या शांततेत मावशी म्हणाली, "अरे, थांबलास का? परत वाजव."

इतक्या वर्षांत ती त्याच्याशी बोललेले हे पहिले शब्द. मला निरोप पोचवावा लागला नाही.

दादाने छडी अशी उचलली की कोटाची शिवण उसवली. आम्ही वाजवलं. म्हाताऱ्या क्लॅरिनेटवाल्याच्या ओठांतून रक्त येत होतं, तरी तो वाजवत होता. गाणं मध्यावर आलं आणि ताठ्याचा गुडघा वाकला, दादाने तेल दिलेला तोच गुडघा. टोपी पडली, मग तो पडला, तोंडघशी, धुळीत. त्याचे अधिकारी कपाळाला हात लावून तसेच उभे. गाणं चालू होतं ना! दादाने घाई केली नाही. त्याने उरलेलं गाणं शेवटच्या सुरापर्यंत पूर्ण मानाने वाजवलं. झेंडा जमिनीला लागला, तेव्हा कुठे ते त्याला उचलायला धावले.

तो मेला नाही. बोटीने गेला आणि पुढे म्हणे जन्मभर काठी घेऊन चालला. हे ऐकून मला बरं वाटलं, आणि अजून वाटतं. चौकशीची कुजबुज झाली, पण दादावर आरोप कसला ठेवणार? राजाला फार मान दिला म्हणून?

पण तो दिवस अजून संपला नव्हता. आपला झेंडा चढायचा होता. लोक आपणहून उठले, रडत होते, हसत होते. मावशी तेवढी बसलेली. नवा अधिकारी लगबगीने तिच्याकडे आला. आपलाच माणूस, कालपर्यंत ताठ्याच्या मागे फायली घेऊन चालणारा.

"आजीबाई, उठा. आता आपलं गाणं आहे."

"आपलं आहे ना?" मावशीने विचारलं.

"हो तर!"

"मग बसू दे की. आपल्याच माणसांपुढे बसायला कसली भीती?"

"तसं नाही, नियम आहे. सगळ्यांनी उभं राहायचं." त्याने शिपायाला खूण केली.

दादाने वर उचललेली छडी खाली घेतली. मैदान ओलांडून तो आला आणि आईच्या खुर्चीमागे उभा राहिला. "साहेब," तो म्हणाला, आणि तो शब्द त्याने असा उच्चारला की अधिकारी दोन पावलं मागे सरला. "ती बसूनच ऐकणार. हात लावाल तर हे गाणं आज वाजणार नाही. आणि गाणं लांबवता कसं येतं, ते तुम्ही आत्ताच पाहिलंत."

अधिकाऱ्याने काठीजवळच्या धुळीकडे पाहिलं. टोपी अजून तिथेच पडली होती. "वाजवा," तो पुटपुटला.

दादा जागेवर गेला. मावशी गाठीवर हात ठेवून, मांडी घालून बसली होती. त्याने आपलं गाणं एकदाच वाजवलं, आणि भरभर वाजवलं. उन्हात आपली माणसं उभी होती.